विकतची चकली

दुकानात चकलीचं पाकीट उलटं करून मी मागचा बारीक मजकूर वाचत होते. पामतेल, चव वाढवणारी पावडर, टिकण्यासाठी आणखी काहीबाही. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल पाहून मला नेमकं हेच बंद करायला सांगितलंय.

शेजारी एक अनोळखी बाई उभ्या होत्या. "वाचू नका हो," त्या म्हणाल्या, "मग खाववत नाही."

"घरी नाही करत?"

"एकटीनं होते का चकली?"

खरंय. एकानं सोऱ्या दाबायचा, दुसऱ्यानं कढई सांभाळायची. आमच्याकडे पाडायचं काम ह्यांचं. वेडीवाकडी पाडायचे, माझी बोलणी खायचे. ते गेल्यावर मी एकदा एकटीनं करून पाहिली. चकल्या पाडेपर्यंत कढईतला घाणा करपला. चांगलं तेल घरात आहे, भाजणीही आहे. डॉक्टरांना काय सांगणार?

तुम्ही येता का, दोघी मिळून करू, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण अनोळखी बाईला असं कसं विचारायचं? त्यांनी एक पाकीट उचललं. मीही एक उचललं, आणि रांगेत त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.