आमच्या ह्यांचं नाव

“फुकट हाय म्हणून बेवारशी हाय व्हय रं?” असं म्हणत आक्का चष्मा कपाळावर सरकवायची. मग आम्ही ओळखायचं, चित्राखाली आता कुणाचं तरी नाव चढणार.

खडेबाजारातल्या एका माडीवर आमचं वेबसाइटी करून द्यायचं दुकान. मी पानं रचायचो, आणि मजकुराला शोभणारी, फुकट वापरता येतील अशी चित्रं आक्का इंटरनेटवरून शोधायची. एका हिरव्या डोंगरासाठी बाईचा अर्धा दिवस जायचा. परवानगी खरंच आहे का, हे ती तांदूळ निवडल्यासारखं बघायची. शिवाय चित्राखाली फोटो काढणाऱ्याचं नाव द्यायचा हट्ट.

“आक्का, नाव द्यायची गरज नाही असं तिथंच लिहिलंय.”

“गरज न्हाय म्हणजे देऊ नको असं लिवलंय व्हय?”

आता गंमत बघा. पोलंड-ब्राझीलच्या माणसांची जीभ अडखळावी अशी नावं ही बिनचूक टाइप करायची, पण स्वतःच्या नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. कायम ‘आमचे हे’. बँकेतून फोन आला आणि नवऱ्याचं नाव विचारलं, की फोन माझ्या हातात द्यायची.

एकदा ती रजेवर असताना बेळगुंदीच्या रताळी विकणाऱ्या शेतकऱ्यांचं काम आलं. मी एक झकास फुकट चित्र लावून मोकळा झालो. त्यांचे म्होरके अण्णा आले आणि पडद्याकडं बघतच राहिले. कापलेलं रताळं आतून केशरी होतं, परदेशातलं.

“हे गाजर हाय का रताळं? गावात लोक हसतील. उद्या आमचं रताळं दाखवा, न्हायतर काम दुसरीकडं देतो.”

हातात तेवढं एकच काम होतं. मी आक्काला रजा मोडून बोलावलं.

दुसऱ्या दिवशी आक्कानं सगळं इंटरनेट पालथं घातलं. आपलं लाल सालीचं, आत पांढरं रताळं कुठं मिळेना. शेवटी तिनं घरी फोन लावला. “अवो, ऐकलं काय, रानात जाऊन रताळ्याचा फोटो काढून धाडा की.”

फोटो आला. मातीनं भरलेल्या हातात अर्धं कापलेलं रताळं. अण्णा खूश झाले, काम टिकलं. आक्कानं तो फोटो फुकट चित्रांच्या साइटवर सगळ्यांसाठी चढवला आणि खाली नवऱ्याचं नाव टाइप केलं.

“आता वाचून दाखव की,” मी म्हटलं.

“तुला डोळं हायत न्हवं?” म्हणाली, आणि चक्क लाजली.

गेल्या वर्षी तिचे ‘हे’ वारले. आक्का काम सोडून निपाणीला लेकीकडं राहायला गेली. तिच्या टेबलावर आता प्रिंटर ठेवलाय. मला तिची फार आठवण येते.

परवा एका परदेशी स्वयंपाकाच्या वेबसाइटवर तेच रताळं दिसलं, तोच हात. खाली नावही होतं, गरज नसताना दिलेलं. मी लगेच आक्काला फोन करून सांगितलं.

“काय लिवलंय?” तिनं विचारलं.

मी नाव वाचलं.

“नीट ऐकू आलं न्हाय रं,” ती म्हणाली. “परत वाच की.”

आवाज अगदी स्वच्छ येत होता. मी परत वाचलं.