पैलवानाचा गुडघा

"गुडघा वाकव बे," देशमुख म्हने. मी वाकवला. "आता चालून दाखव." मी चाललो. त्याच्या अंगनात, निस्त्या लंगोटावर, साऱ्या गड्यामानसाइच्या देखत.

माही पारख कराले कोन बोलावला होता? बैलांचा दलाल! देऊळगाव राजाच्या बाजारात ज्याच्या शब्दावर जोड्या विकत, तो. त्यानं खांद्यावर थाप मारली, पोटऱ्या दाबल्या, दात पाहासाठी तोंडाजोळ बोट आनलं. अन् मी तोंड उघडलं, बापा! कोनी सांगतलं बी नव्हतं. आजही आठवलं का अंगाची लाही होते.

"उंची भारी हाय मालक," दलाल म्हने. "छाती बी. पकड बसली तर कोनालेही उचलून आपटन. वय कवळं हाय, अजून भरन. पन एवढ्या उंच गड्याचे गुडघे पयले जातात. डावा सुजला हाय. औंदा लढवला तर पुढं कामाचा राहाचा नाही."

"पुढचं कोनाले पडलं? डिप्टी साहेब कुस्त्याइची दंगल पाहाले येऊन राह्यला. डागून टाका."

आमच्याकडं बैल लंगडला का तापल्या सळईनं सांध्यावर चटके देतात. दुखनं मरते म्हनतात. मरत कायचं? चटक्याच्या आगीपुढं आतलं दुखनं समजत नाही, अन् जनावर ओझं वढत राह्यते.

माह्या आधी देशमुखाचा पैलवान किसना होता. डोणगावचा. माह्याहून बी धिप्पाड. त्याचा गुडघा असाच डागून त्याले लढवला. तो जिंकला, फेटा बांधला त्याले. मंग पाय गेला तो गेलाच. तवापासून देशमुखाचीच गुरं राखे, काठी टेकत. तो तिथंच गोठ्याच्या दारात उभा होता. मी त्याच्याकडं पाह्यलं तर त्यानं मान खाली घातली.

देशमुखाचं दूध, तूप, बदाम मी खाल्ले होते. त्याच्या नावानं कुस्त्या मारल्या होत्या. माय म्हने, खाल्ल्या मिठाले जागलं पाहिजे. जागलो की! पन पाय माहा होता. त्याच पायावर मले जलमभर वावरात राबाचं होतं.

सळई लाल होऊन आली.

"बस खाली," देशमुख म्हने.

"नाही बसत."

"काऊन बे? माजला काय?"

"हाव, माजलो. मानूस हावो मी, मालक. डागू देनार नाही."

मी सदरा उचलला अन् लंगडत घरी आलो. खुराक बंद झाला. आखाडाही बंद. मायनं कितीक दिवस बोलनं टाकलं. गाव नमकहराम म्हने. ऐकून ऐकून थकलो मी. गुडघा अजूनही दुखते, काम सोडून घडीघडी वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बसा लागते. काही जिंकलो असं वाटत नाही.

आता माहा पोरगा उंच झाला हाय. माह्या डोक्यावरून पाह्यते. परवा देशमुखाचा मानूस दारात आला. "मालकाले पोरगं पाहाचं हाय," म्हने. पोरगं तर निघालंच होतं, हरखून. मी दारात आडवा झालो.

"कुस्ती खेळन तो," मी म्हटलं. "घरची भाकर खाऊन खेळन. हरला तरी चालन. पन कोनाचा पोसलेला होनार नाही. अन् पारख कराले कोनी त्याच्या अंगाले हात लावला, तर तो हात मी मोडीन. सांग जाऊन."