कप ठरेपर्यंत

वजनाशी इतकं मनापासून वैर धरलेला माणूस मी माझ्या थोरल्या साडूंशिवाय दुसरा पाहिलेला नाही, आणि या माणसानं उभा जन्म वजनावर भांडी विकण्यात घालवला आहे. सोलापुरात मंगळवार पेठेत त्यांचं स्टील-पितळेचं दुकान आहे. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. आपल्याकडे भांडं चांगलं की वाईट हे डोळ्यांनी ठरत नाही, मनगटानं ठरतं. लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला आलेली बाई पातेलं उचलते, खालीवर करून बघते आणि म्हणते, ‘हलकं वाटतंय की हो.’ दाजींनी दुकानात काढलेली सगळी वर्षं या एका वाक्याच्या धास्तीत काढली. ‘धरून बघा ताई, मनगट दुखलं पायजे,’ असं ते अभिमानानं सांगत. पुढे साठी उलटली, दुकान मुलाकडे गेलं, दाजी आमच्याबरोबर डोंगर चढायला लागले, आणि जड वस्तू विकणं वेगळं व पाठीवर घेऊन चढणं वेगळं, हा साक्षात्कार त्यांना पहिल्याच चढावर झाला. त्यानंतर ते दुकानात बसले की गिऱ्हाइकाच्या हातातलं पातेलं काढून घेऊन म्हणत, ‘कशाला घेताय हे? लई जड हाय.’ मग त्यांच्या मुलाचा मला फोन यायचा. ‘काका, पप्पांना कुठंतरी घेऊन जावा की. लग्नसराई हाय हितं.’

आमची टोळी चौघांची. मी शाळामास्तर, दाजी, चादरींचा छोटा कारखाना असलेले एक तेलुगू स्नेही, आणि ज्यांच्या जीपमधून आम्ही जायचो ते सलीमभाई. थंडीच्या दिवसांत महिन्यातून एकदा पश्चिमेकडचा एखादा किल्ला गाठायचा, एवढाच कार्यक्रम. सोलापूर ताटासारखं सपाट आहे. इथे चढ म्हणायला रेल्वेवरचा पूल. त्यामुळे दाजी सरावासाठी पाठीवर सॅक घेऊन रोज सकाळी पुलावर चढायचे आणि पलीकडे उतरून पुन्हा चढत परत यायचे. एकदा एका रिक्षावाल्यानं कळवळून रिक्षा थांबवली. ‘बैठो चाचा, टेशन को छोडतूं, पैसे नक्को.’ दाजी म्हणाले, ‘टेशनला न्हाय, डोंगर चढतोय.’ त्या भल्या माणसानं चहूकडे नजर टाकून डोंगर शोधला आणि रिक्षा पुढे काढली.

सॅक हलकी करण्याच्या कामात दाजींनी दयामाया ठेवली नाही. दात घासायच्या ब्रशचा दांडा कापला. साबणाची चकती केली. सॅकच्या आतल्या बाजूचं, धुण्याच्या सूचना छापलेलं चिरगूट उसवून काढलं, आणि ‘सूचना वाचून झाल्यात, आता कशाला वागवायच्या,’ असं कारण दिलं. सोलापुरी टॉवेल कात्रीनं चौघांत वाटला, तेव्हा चादरवाले स्नेही आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. फक्त शेंगाच्या चटणीला त्यांनी कधी हात लावला नाही. चटणीची भली मोठी पिशवी सॅकमध्ये सगळ्यात वर असायची. कुणी बोट दाखवलंच तर म्हणायचे, ‘चटणीला वजन नसतंय.’

गेल्या हिवाळ्यात एका किल्ल्याच्या अर्ध्या वाटेवर दाजी एकाएकी दगडावर बसले. चेहरा पांढरा पडला होता. आम्ही त्यांना धरून धरून खाली आणलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, हृदयाचं दुखणं निघालं, गोळ्या सुरू झाल्या, आणि दाजींना समोर बसवून सांगण्यात आलं, ‘चढ बंद. आणि वजन उचलायचं नाही.’ दाजींनी यावर विचार केला आणि घरी येऊन निकाल दिला, ‘डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या, पण हाय ती एकच. पाठीवर वजनच नसलं, तर चढ कसला?’

त्या दिवशी अक्कांनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, मला स्वयंपाकघरात बोलावलं. दोघी बहिणी माहेरच्या अक्कलकोटच्या. अक्कांना राग आला की त्या कानडीत बोलतात. तेव्हा त्या मराठीत बोलल्या, म्हणून मी जास्त घाबरलो. ‘तुमी सांगा त्यांना. माझं ऐकत न्हाईत. जीपमधी जागा न्हाई म्हणा, काय बी म्हणा. मला ते हितं पायजेत, भांडायला.’ मी म्हणालो, ‘सांगतो.’ हा शब्द मी आयुष्यात फार वेळा उच्चारला आहे. रिक्षावाल्यानं सुटे पैसे जास्त दिले तर मला दोन दिवस चैन पडत नाही, पण एखाद्याच्या तोंडावर ‘नाही’ म्हणणं मला आजवर जमलेलं नाही.

पुढच्या रविवारी संध्याकाळी, स्कूटरवर वाक्यं घोकत मी त्यांच्याकडे गेलो. दाजींनी सतरंजीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर कप मांडले होते. ‘बरं झालं आलात. सगळी सॅक झाली, कप तेवढा राहिला. कप ठरला की निघू.’ माझ्या मनावरचं ओझं जे उतरलं, ते मला शब्दांत सांगता येणार नाही. म्हणजे कप ठरेपर्यंत काही सांगायची गरज नव्हती. मी समोर बसलो, आणि त्यानंतरचे कित्येक रविवार बसतच राहिलो.

पहिला उमेदवार दुकानातलंच पातळ पत्र्याचं फुलपात्र. ते दाजींना जड वाटलं, म्हणून त्यांनी त्यावर नाव घालायला घेतलं. भांड्यावर नाव घालताना धातू खरवडला जातो, म्हणजे भांडं हलकं होणार, हा त्यांचा सिद्धांत. स्वतःचं नाव झालं, वडिलांचं झालं, पेठ झाली, बुडाला ‘सोलापूर’ झालं. दुकानातल्या काट्याला असल्या वजनांचा पत्ता लागत नव्हता, म्हणून ते फुलपात्र घेऊन शेजारच्या सराफाकडे गेले. फरक पडलेला नव्हता. सराफ म्हणाला, ‘दाजी, एकदा सोनं घेऊन या की वजनाला.’ ‘सोनं लई जड असतंय,’ दाजी म्हणाले आणि फुलपात्र घेऊन परत आले.

मग अॅल्युमिनियमचा पेला. वजनात तो पहिला आला, पण चहा ओतल्याबरोबर त्याची कड अशी तापली की दाजी आठवडाभर ओठाला तूप लावून बसले. नंतर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण आलं. त्याला खरोखरच वजन नव्हतं, पण त्यात चहाचा एकच घोट मावे, आणि पातेलं हातात धरून पुन्हा पुन्हा ओतून दमलेल्या अक्का शेवटी ‘साकु!’ म्हणून आत निघून गेल्या. साकु म्हणजे कानडीत पुरे. पळसाच्या द्रोणावर दाजी दोन दिवस बेहद्द खूश होते, कारण चहा पिऊन द्रोण शेळीला घातला की उतरताना सॅक आणखी हलकी. पण तिसऱ्या दिवशी चहा द्रोणातून सतरंजीवर उतरला. नारळाची करवंटी घासूनपुसून आरशासारखी केली, तर ती टेकवली की कलंडायची. ‘टेकवायचीच न्हाय,’ दाजी म्हणाले. ‘चहा संपस्तवर हातात धरायची.’ ती हातात धरून ते पूल चढून आले आणि त्यांनी स्वतःच तिला नापास केलं. मी एकदा भीत भीत कागदी कपाचं नाव काढलं. दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या तीन पिढ्यांच्या दुकानाला कुलूप लावायला सांगितलं होतं.

अखेर मुलानं कंटाळून टायटॅनियमचा कप मागवला. किंमत त्यानं वडिलांना सांगितली नाही, मला सांगितली, आणि ती मी कुणालाही सांगणार नाही. दाजींनी कप उचलला. आतून-बाहेरून न्याहाळला. मला वाटलं, झालं, ठरला. आता सांगावं लागणार. मग त्यांनी खोका उलटा करून झटकला आणि विचारलं, ‘बशी कुठाय?’

हे आम्हा कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. कपाची परीक्षा सोडली, तर दाजी कपातून चहा पीत नाहीत. चहा कपात येतो, बशीत निवतो आणि मग पोटात जातो, असा त्यांच्याकडे क्रम आहे. शिवाय कोणत्याही किल्ल्यावर पोचलं की आम्हा दोघांत एक चहा असायचा, घरून नेलेल्या कपबशीत. मी कपातला अर्धा प्यायचो, ते बशीतला. यात कधी कुणी कुणाला विचारलं नाही. बाहेरच्या देशात असला महाग कप घडवणाऱ्या माणसानं बशीचा विचार करू नये, याचं दाजींना रागापेक्षा वाईट वाटलं. ‘एकटाच जात असंल डोंगरावर,’ ते म्हणाले, आणि कप खोक्यात परत गेला.

असे दिवस चालले होते. पण थंडी परतली आणि सलीमभाईंनी जायचा दिवस ठरवला. ‘दाजी को बोले क्या नै?’ त्यांनी फोनवर विचारलं. मी म्हणालो, ‘बोलतो.’ ‘तुम बोलते बोलते डोंगर झिज जाएगा, मास्तर. उन्हे आये तो मैं गाडी नै निकालता. मेरेसे वो फिरसे देख्या नै जाता.’ सलीमभाई उघडपणे घाबरत होते. मीही घाबरतच होतो, पण त्याला कपाची निवड म्हणत होतो.

त्या रविवारी मी घरात पाऊल टाकताच, चप्पल काढायच्या आधी, सांगून टाकलं. ‘दाजी, या वेळी तुम्ही येऊ नका. आम्ही नेणार नाही तुम्हाला. कप ठरला तरी.’ आवाज माझाच होता, पण कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटला. आत अक्कांच्या हातातली भांडी थांबली.

दाजी फडक्यानं एक पेला पुसत होते, तो पुसून झाला. मग म्हणाले, ‘चप्पल काढा आधी.’

मी चप्पल काढली आणि बसलो.

‘मला न्हाय व्हय ठाऊक?’ ते म्हणाले. ‘घरचा जिना चढताना मधी थांबतोय मी. खिडकीतनं बघितल्यासारखं करतो, म्हंजे हिला कळू नये.’

‘कळतंय मला,’ अक्का आतून म्हणाल्या.

‘कळतंय म्हणं. बघा. आन तुमी स्कूटर लावताना तोंडातल्या तोंडात बोलत येता, पाठांतराला बसलेल्या पोरागत. मी गच्चीतनं बघतोय की दर रविवारी. म्हटलं, आज सांगणार. तर तुमी कप बघत बसता, चहा पिता आन जाता.’

‘मग तुम्ही तरी बोलायचं होतं,’ मी म्हणालो. मला रडू आवरत नव्हतं, आणि पन्नाशीच्या माणसाला ते शोभत नाही हेही कळत होतं.

‘मी कशाला बोलू? आता सांगून टाकलंत.’ त्यांनी वर्तमानपत्राची चारी टोकं गोळा करून सगळे कप त्यात बांधले. ‘फुडल्या रविवारी हितं यायला तुमाला काय काम?’

मी चप्पल घालून निघालो.

आम्ही तिघे किल्ल्यावर गेलो. दिवस छान होता, हवा स्वच्छ होती, कुणाच्या सॅकमध्ये काय जड आहे हे कुणी तपासलं नाही. वर एका झोपडीत चहा मिळतो. सलीमभाईंनी तीन चहा सांगितले, ते कागदी कपांतून आले. माझ्या वाट्याला पूर्ण कप आला. मला तो संपला नाही. मी तो बराच वेळ हातात धरून बसलो, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून गवतात ओतला. चादरवाल्यांचं लक्ष होतं.

परतल्यावर पहिल्याच रविवारी मी नेहमीच्या वेळी दाजींकडे गेलो. काय काम म्हणून गेलो ते मलाही माहीत नव्हतं. दाजी गच्चीत नव्हते, दारातच उभे होते. किल्ल्याचं त्यांनी काही विचारलं नाही. मला बसवलं आणि रुमालात गुंडाळलेली एक वस्तू माझ्या हातात दिली. पेठेतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून त्यांनी ती ठोकून घेतली होती. पातळ, बैठा, पसरट बुडाचा कप. कड बाहेर वळवलेली, ओठ भाजू नये अशी. वर घट्ट बसणारं झाकण, आणि ते झाकण उलटं केलं की बशी. मी तो तळव्यावर ठेवला. पाखरू येऊन बसावं, तेवढाच त्याचा भार होता. याहून चांगला कप मी पाहिलेला नाही आणि कुठे मिळत असेल असं मला वाटत नाही.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. दाजी माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

‘कसा वाटतोय?’

मी कप खालीवर केला, दुकानात बायका करतात तसा. या हातातून त्या हातात घेतला. कडेवरून बोट फिरवलं.

‘दाजी,’ मी म्हणालो, ‘जरा जड वाटतोय.’

दाजींनी कप परत घेतला आणि डोळे मिटून तळव्यावर तोलून पाहिला.

‘व्हय,’ ते म्हणाले. ‘मलाबी तसंच वाटत हुतं.’ मग त्यांनी अक्कांना चहा टाकायला सांगितलं, एकच, आणि रुमालाच्या घड्या घालत घालत, पुढच्या रविवारी कोणता पत्रा बघायचा ते मला समजावून सांगायला लागले.