सापाच्या उवा आणि शुक्रवारचा फोन

कुवेतमध्ये, अहमदीतल्या आमच्या घरात एक खोली सापांची होती, हे मी पुण्यातल्या नातेवाइकांना कधी धड सांगितलं नाही. सांगणार तरी काय? लोकांच्या मुली कथ्थक शिकतात, माझी मुलगी साप पाळते. शाळेत असताना तिने वाढदिवसाला कुत्रं मागितलं होतं. तेलकंपनीने दिलेल्या घरात कुत्रं नको म्हणून बापाने राई भागात भरणाऱ्या शुक्रवार बाजारातून करंगळीएवढा नारिंगी साप आणला. कॉर्न स्नेक म्हणतात त्याला. बिनविषारी आणि गरीब. मी आठवडाभर नवऱ्याशी अबोला धरला. मग एकाचे चार साप झाले आणि मी बोलायला लागले, कारण माझ्या अबोल्याने कुणाचंच काही अडत नव्हतं.

दोन हजार सालानंतर ती इंजिनिअरिंगला पुण्याला गेली. निघताना रडली ती आमच्यासाठी नाही, त्या नारिंगी सापासाठी. तो तोवर म्हातारा झाला होता. विमानतळावर तिने बापाला बजावलं, "बाबा, काही झालं तर यू विल टेल मी, ओके?" तो म्हणाला, "अगं हो, जा आता."

आखातात राहणाऱ्यांचा फोन म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं. आमचा फोन शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी. आणि न लिहिलेला नियम असा, की वाईट बातमी फोनवर द्यायची नाही. तिकडून "सगळे मजेत", इकडून "आम्हीही मजेत". माझ्या सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा सासूबाई कितीतरी शुक्रवार "ते जरा पडलेत" एवढंच सांगत होत्या. खोटं बोलायची हौस कुणाला नव्हती. इतक्या लांबून ऐकणारा करणार काय, उगाच त्याच्या जिवाला घोर, असा तो हिशेब. नवऱ्याला तेव्हा आईचा भयंकर राग आला होता. पण रीत मात्र त्याने तिचीच उचलली.

मुलगी गेल्यावर महिन्याभरात तो बाजारातून एक छोटा अजगर घेऊन आला. पिंजऱ्यात खंगलेला, कातडी सुरकुतलेली. म्हणाला, "मरायला टाकला होता गं त्यांनी." मुलीचा कडक नियम होता, की नवा साप काही आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायचा. पण वेगळी जागा म्हणजे कोठीची खोली, आणि तिथे एसी नाही. सप्टेंबरात कुवेतमध्ये एसीशिवाय माणूस राहत नाही, तर आजारी जीव काय राहील? त्याने अजगराची पेटी बाकीच्यांच्या शेजारी ठेवली. आमच्याकडे भारतातून नवा आलेला कुणीही घर मिळेपर्यंत हक्काने राहायचा. आधी आत घ्यायचं आणि चौकशी नंतर करायची, हा त्याचा स्वभावच होता.

पंधरवड्यात नारिंगी साप दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसून राहायला लागला. मला वाटलं, उकडत असेल. भांडं धुवायला घेतलं तर तळाशी मोहरीहूनही बारीक काळे ठिपके. त्यातला एक चालत होता. नवऱ्याने चष्म्यावर भिंग धरून सापाच्या हनुवटीखाली पाहिलं. खवल्यांच्या फटीत, डोळ्यांच्या कडेला, सगळीकडे तेच. मुलगी त्यांना माइट म्हणायची. मी म्हटलं, उवाच त्या, सापाच्या. रक्त पितात, अंडी घालतात आणि एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातात, मग दुसरं काय म्हणायचं?

त्या दिवशीही शुक्रवारच होता. फोन वाजला. तिने विचारलं, "हाऊ इज ही?" नवरा म्हणाला, "बरा आहे. झोपलाय." मी समोर उभी होते. फोन ठेवल्यावर म्हटलं, "सांगितलं का नाहीस?" तर म्हणे, "तिची परीक्षा जवळ आली आहे. ती तिथून काय करणार?"

मग आमचा सफाईचा कारखाना सुरू झाला. नारिंगी साप आणि अजगर यांच्या पेट्यांतला भुसा, लाकडं, सालपटं सगळं फेकलं. खाली वर्तमानपत्र, तेही रोज बदलायचं. नवरा सापांना कोमट पाण्यात बसवायचा आणि डोळ्यांभोवती कापसाने खोबरेल लावायचा. रिकाम्या लाकडी पेट्या मी गाडीत घातल्या, काचा बंद केल्या आणि गाडी भर उन्हात उभी केली. गव्हाला ऊन दाखवतात तसं. ज्या उन्हाला इतकी वर्षं शिव्या घातल्या, ते पहिल्यांदाच आपलं वाटलं. अरबांच्या शिकारी ससाण्यांना तपासणाऱ्या एका डॉक्टरने फवारायचं औषध दिलं.

उवा कमी झाल्या. नवरा खूश. पुढच्या फोनवरही "बरा आहे." मग त्या परत आल्या, आधीपेक्षा जास्त. पुन्हा सगळं पहिल्यापासून. पुन्हा कमी झाल्या, पुन्हा आल्या. नारिंगी सापाने खाणं सोडलं. हातात घेतला की पूर्वी मनगटाला वेढा घालायचा, आता नुसता लोंबत राहायचा. मला सापांचं प्रेम कधीच नव्हतं, पण त्याचं ते लोंबणं मला बघवत नव्हतं. मी म्हटलं, "आता तरी तिला सांग." तो म्हणाला, "जरा सुधारू दे, मग सांगतो."

तो सुधारला नाही. एका दुपारी पेटी उघडली तर तो पाण्याच्या भांड्याला टेकून ताठ पडला होता. नवऱ्याने त्याला जुन्या रुमालात गुंडाळून अंगणात पुरलं. शुक्रवारची वाट न पाहता स्वतःच फोन लावला आणि सगळं सांगितलं, अजगरापासून.  तिने एकच विचारलं, "बाकीच्या पेट्या साफ केल्या होत्यास का?"

नव्हत्या केल्या. त्या सापांच्या अंगावर काही दिसत नव्हतं, म्हणून हात लावला नव्हता. अंडी तिथल्या फटींमध्ये होती आणि तिथूनच उवा परत येत होत्या. "सगळं एकदम करायचं असतं, बाबा. एव्हरी सिंगल बॉक्स. मला पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर मी हेच सांगितलं असतं." आणि फोन ठेवला.

ती तिथून काय करणार, असं तो म्हणाला होता. जे करायला हवं होतं ते तीच करू शकत होती, तेही फोनवरूनच. हे त्याला कळलं, आणि कळल्यावर तो फार खचला. मला त्याचा राग होता, पण त्याच्याकडे बघून तो टिकेना. त्याने सगळ्या पेट्या एकदम रिकाम्या केल्या, उकळत्या पाण्याने धुतल्या आणि उरलेल्या सापांच्या उवा मुळापासून घालवल्या. अजगरही जगला. पण मुलगी फोनवर फक्त माझ्याशी बोलायची. "आईला दे," एवढंच बापाच्या वाट्याला. तो रिसीव्हर माझ्या हातात द्यायचा आणि तिथेच उभा राहून माझ्या तोंडाकडे बघायचा.

डिसेंबरात ती सुट्टीला आली. घरभर फिरली, पण त्या खोलीत शेवटच्या दिवशीच गेली. तिने अजगराला हातात घेतलं, उलटं करून पोट पाहिलं, परत ठेवलं. बाप दारात होता. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "मला राग साप गेल्याचा नाहीये. तू दर आठवड्याला मला 'बरा आहे' म्हणत होतास, आणि मी खरं मानत होते. आता तू 'आई बरी आहे' म्हणालास, तर ते तरी मी कसं मानू?"

मला एकदम सासूबाईंचं "ते जरा पडलेत" आठवलं.

ती गेली. पुढचे दोन-तीन शुक्रवार तसेच गेले. मग एकदा मी कणीक मळत असताना फोन वाजला, तो त्याने उचलला आणि रिसीव्हर माझ्याकडे दिलाच नाही. तिने अजगराचं विचारलं असावं. मला वाटलं, आता हा पुन्हा तेच म्हणणार.

"नाही गं, बरा नाहीये," तो म्हणाला. "त्याने खाल्लेलं नाही. आणि तुझ्या आईचा रक्तदाबही वाढलाय, गोळी सुरू केली आहे. थांब, आधी कुठलं सांगू?"