आत्या आणि मागची चाकं

ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत गाड्या दुरुस्त करणारे शेकड्यांनी असतील. पण गाडीच्या मागच्या चाकांवर जीव लावणारं माणूस एकच, आणि ती माझी आत्या आहे. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवून ती निवृत्त झाली. काका, म्हणजे तिचे यजमान, गेल्यावर त्यांची जुनी गाडी तिच्याकडे राहिली, एक गॅरेजवाला "मॅडम, तुम्हाला नाही कळणार" म्हणाला, आणि तिथून सगळं सुरू झालं. आता बाळकुमच्या तिच्या सोसायटीत कुणाची गाडी आली की ती आधी मागच्या चाकाजवळ हात नेते, ताप बघावा तसा. एकदा टेंभी नाक्याजवळ एका लग्नाला गेलेलो, तर ऐन मुहूर्ताला आत्या गायब! बघतो तो पैठणी खोचून नवरदेवाच्या मामांच्या गाडीपाशी वाकलेली. "चाक तापलंय हो तुमचं. ब्रेक सुटत नाहीये," ती मामांना बजावत होती, आणि मामा अक्षता मुठीत धरून निमूट मान डोलावत होते.

गेल्या मे महिन्यात बायको-मुलीला घेऊन मी गावी निघालो. वाटेत आत्याकडे थांबलो. डोंबिवलीच्या आमच्या घरून तिच्या दारापर्यंतच गाडी चालली होती, पण तिनं मागच्या डाव्या चाकाला हात लावून पाहिला आणि तो माझ्यापुढे केला. "किल्ली दे."

"अगं, परवाच गॅरेजमधून आणली!"

"त्यांनी पुढचे ब्रेक बघितले असतील. मागच्यांकडे कोण बघतंय? घाट उतरायचाय ना तुला?"

बायको चिडली, मीही चिडलो. आत्यानं गाडी जॅकवर चढवून कॅलिपर, म्हणजे चाकाची तबकडी आवळून धरणारा ब्रेकचा चिमटा, उघडला. रबर फाटून आत पाणी गेलेलं, पिस्टन गंजून अडकलेला. "हा नुसता दाबून आत जात नाही, फिरवत दाबायचा," असं म्हणून ढ मुलाकडून विभक्ती घोकून घ्यावी तशा धीरानं ती त्याच्यामागे लागली. गंज निघाला, काकांच्या गाडीसाठी आणून ठेवलेलं रबर माझ्या गाडीला बसलं, पिनांना ग्रीस लागलं. दुसऱ्या दिवशी घाटातल्या वळणावर अचानक ट्रक आडवा दिसला. मी ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, त्याच्या हातभर अलीकडे थांबली. बायकोनं तिथूनच आत्याला फोन लावला, आणि तिला नुसतं "आत्या" एवढंच म्हणता आलं.

गेल्या महिन्यात आत्यानं मला बोलावून घेतलं. शेजाऱ्यांची गाडी जॅकवर होती. "मनगटात जोर उरला नाही रे. पिस्टन फिरत नाही माझ्याच्यानं." मी फिरवला, ती स्टुलावर बसून बघत होती. शेजारी तिचे आभार मानायला आले, तर तिनं माझ्याकडे बोट केलं. "यानं केलंय. माझा भाचा आहे." माझी छाती फुलून आली. आत्या मात्र आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून बघत होती. ते अगदी स्वच्छ होते.