कुसुमचा होकार

बातम्यांत तो नॉर्वेचा उंच माणूस दिसला, की मी कणीक मळायची थांबते. आधी स्वतःच्या देशाचा पंतप्रधान होता, आता कितीतरी देशांच्या लष्करी संघटनेचा प्रमुख आहे. तिथे म्हणे मतदान नसतंच. एकाने नाही म्हटलं, की सगळं अडतं. काल बाकीचे फोटोसाठी हसत उभे होते आणि हा एका रुसलेल्या पाहुण्याच्या खुर्चीशी वाकून बोलत होता.

मला आमच्या महिला मंडळातली कुसुम आठवली. मागच्या वर्षी नवरा गेलेल्या शालूलाही मंडळाच्या हळदीकुंकवाला बोलवायचं, असं मी अध्यक्ष म्हणून मांडलं. सगळ्या तयार झाल्या, कुसुम तेवढी अडून बसली.

"हात वर करायला लाव आणि मोकळी हो," आमचे हे म्हणाले.

"अहो, मतं मोजून बोलावणं जाईल. पण शालूच्या कपाळापाशी कुसुमने हात आखडला, तर?"

"म्हणजे परत जाणार तिच्याकडे?"

जाणार. त्या माणसालाही मुदत संपल्यावर घरी परतायचं होतं म्हणतात, पण सगळ्यांना तोच हवा होता, मग राहिला. कुसुम चहा बरा करते. उद्या तिच्या ओट्यापाशी खुर्ची ओढून बसते. "शालूला कुंकू मीच लावीन" असं ती म्हणेपर्यंत काही मी उठत नाही.