विश्वकर्मा पूजेच्या दिवशी फिरलेली लेथ

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी कायम हसत आलो. मशीन विजेवर चालते. वीज काढली की ती नुसतं लोखंड... सिलतऱ्याच्या कारखान्यात बरीच वर्षं लेथ, म्हणजे लोखंड फिरवत कापायची मशीन, चालवून मी हेच शिकलो होतो, आणि रायपूरच्या आमच्या शाळेत, वर्कशॉपमधल्या पोरांनाही हेच शिकवायचो.

गेल्या वर्षीची विश्वकर्मा पूजा. त्या दिवशी मशीन चालवायची नाही, ही आमची रीत. सकाळी मी स्वतः मेनचे तिन्ही फ्यूज काढून खिशात टाकले. पोरं मशिनी पुसून हार घालत होती.

अकरावीतला डोमन कोपऱ्यातल्या लेथपाशी थबकला. "सर, इसका चक गरम है. अभी चली है क्या?"

चक म्हणजे कापायचा तुकडा घट्ट धरून फिरणारा जबडा. मी हात लावला... कोमट होता. तेवढ्यात वेल्डिंगचे देशमुख सर मागून हसले, "काहो मास्तर, लेथीले ताप आला काय? गोळी द्या तिले!"

सगळी पोरं खिदळली. माझं डोकं फिरलं. डोमनच्या कानाखाली सणसणीत वाजवली. "फ्यूज मेरी जेब में है, समझा? हाथ डाल, अंदर से पोंछ!"

गाल चोळत त्यानं फडकं आत घातलं.

लेथ सुटली – एकदम पूर्ण वेगात. आधी फडकं गेलं, मग बाही, मग हात. हाडं मोडताना मी ऐकली. तो किंचाळत मशीनवर आपटत होता; झेंडूच्या पाकळ्या आणि रक्त माझ्या तोंडावर उडत होतं. मी लाल बटण दाबलं, दाबतच राहिलो... पण वीजच नव्हती, तर बटण बंद काय करणार? शेवटी देशमुख सरांनी लेथच्या बेल्टमध्ये पहार खुपसली, तेव्हा ती थांबली. फ्यूज माझ्या मांडीला टोचत होते.

डोमनचा उजवा हात कोपराखाली कापावा लागला.

वीजवाल्यांनी सगळी लाइन तपासली. करंट यायला वाटच नव्हती, म्हणाले. लेथ कशी फिरली, मला आजही सांगता येत नाही.

दिवाळीनंतर त्याच्या घरी गेलो. आई चहा करायला आत गेल्यावर डोमन हळूच म्हणाला, "सर, आपने भी तो छुआ था... गरम था न?"

"याद नहीं, बेटा," मी म्हणालो.

त्याला म्हणालो ते खोटं होतं. चक कोमट होता.